पिणारा एक, ओतणारे अनेक

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन आणि २ ऑक्टोबरला गांधी जयंती आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत व्यसनमुक्तीच्या शपथांचा हंगाम सुरू होतो. शाळेच्या पटांगणावर मुलांना, कचेरीच्या आवारात कर्मचाऱ्यांना आणि क्वचित गावच्या पारावर खुद्द पिणाऱ्यांना हात पुढे करायला लावून शपथ दिली जाते, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चौकटीत बातमी येते. या कार्यक्रमांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही, कारण ते करणाऱ्यांपैकी बरेच जण मनापासून करतात. माझा आक्षेप त्यामागच्या समजुतीला आहे. व्यसन हा एकेका माणसाच्या निर्धाराचा प्रश्न आहे, निर्धार कमी पडला म्हणून तो प्यायला आणि निर्धार पक्का केला की सुटेल, अशी ती समजूत आहे. तिच्यासमोर दुसरी समजूत उभी असते ती बंदीची, म्हणजे दुकान हटले की प्रश्न हटला. आपली सार्वजनिक चर्चा कित्येक वर्षे या दोहोंमध्ये हेलकावे खात आली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या विचाराने तृष्णेला दुःखाच्या मुळाशी ठेवले, त्या बौद्ध विचाराच्या अंगाने या प्रश्नाकडे पाहिले, तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत असे माझे मत आहे. त्या टिकत नाहीत हे मान्य करणे आपल्याला जड जाते, कारण मग पिणाऱ्याबरोबर आपणही हिशोबात येतो.

भिक्खूंनी मद्य घेऊ नये हा नियम कसा झाला, याची हकीगत विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. सागत नावाच्या भिक्खूने एका विषारी नागाला आपल्या बळाने नमवले आणि त्याची कीर्ती कौशांबी नगरात पसरली. तिथल्या उपासकांनी आनंदाने विचारले, की भिक्खूंना सहसा मिळत नाही पण आवडते असे आम्ही काय द्यावे; आणि संघातल्याच काही उनाड भिक्खूंनी त्यांना निवळ दारू सुचवली. उपासकांनी घरोघर ती तयार ठेवली. सागत भिक्षेला निघाला तेव्हा दारोदार पेला पुढे आला, आणि नगराबाहेर पडता पडता तो वेशीतच कोसळला. बुद्धाने त्याला उचलून विहारात आणवले. त्याचे डोके बुद्धाच्या दिशेने करून निजवले, तर तो झोपेतच फिरला आणि पाय बुद्धाकडे करून पडला. तेव्हा बुद्धाने भिक्खूंना इतकेच विचारले, की हा पूर्वी माझ्याविषयी आदर बाळगत असे ना, तो आता बाळगतो आहे का. आणि ज्याने नागाशी झुंज दिली तो आता साध्या दिवडाशी तरी झुंजू शकेल का.

या हकीगतीतला सागत दुबळा नाही. निर्धार ज्याच्यापाशी भरपूर आहे असाच माणूस कथेने निवडला आहे. कौशांबीचे लोकही दुष्ट नाहीत. त्यांनी जे केले ते भक्तीपोटी केले. कल्पना सुचवली ती संघाच्याच आतून. नियम झाला तो सर्वांसाठी, आणि विनयाच्या रीतीप्रमाणे ज्याच्या वागण्यावरून नियम झाला त्या पहिल्या माणसाला दोष लागत नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते. हळदीच्या रात्री मुलाकडच्यांनी ‘सोय’ केली नाही तर नावे ठेवली जातात, जमिनीचा सौदा ढाब्यावर बसल्याशिवाय पक्का झाल्यासारखा वाटत नाही, आणि निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात कोणाच्या खात्यावर कोण पीत होते हे अख्ख्या गावाला तोंडपाठ असते. इतक्या हातांनी ओतल्यावर जो एक जण वेशीत पडतो, त्याच्यापुढे आपण शपथेचा कागद धरतो. ओतणाऱ्यांची शपथ कुठे झाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता पिणाऱ्याकडे जवळून पाहू. चोपडा–यावल रस्त्यावरच्या एका गावात देशीच्या दुकानाशेजारी सकाळी सातच्या सुमाराला मी एका माणसाला पाहिले आहे. तो केळी कापणीच्या टोळीतला मजूर होता. प्लास्टिकचा ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तरी कडेने दारू सांडत होती. ओठांपर्यंत ग्लास नेण्याऐवजी त्याने मानच खाली नेली. पहिला घोट गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर चव लागल्याची खूण नव्हती, मजा नव्हती. डोळे मिटून तो कशाची तरी वाट पाहत उभा राहिला. काही मिनिटांनी बोटांची थरथर थांबली, त्याने तोंड पुसले, खांद्यावर घडाखाली घ्यायची चुंबळ टाकली आणि तो थांबलेल्या ट्रॅक्टरकडे चालू लागला. थरथरत्या हातांनी पंचवीस-तीस किलोचा घड उतरवता येत नाही आणि घडाला डाग पडला तर व्यापारी भाव पाडतो, मुकादम दुसऱ्या दिवशी बोलावत नाही. तो माणूस कामावर जाता यावे म्हणून पीत होता.

मज्झिमनिकाय या बुद्धाच्या प्रवचनांच्या संग्रहातल्या मागंदिय सुत्तात बुद्धाने एका कुष्ठरोग्याचे उदाहरण दिले आहे. त्याचे अंग जखमांनी भरले आहे, नखांनी तो खपल्या काढतो आणि निखाऱ्यांच्या खड्ड्यावर अंग शेकतो. जितके शेकतो तितक्या जखमा चिघळतात, पण शेकताना त्याला थोडे बरेही वाटते. हाच माणूस वैद्याच्या औषधाने बरा झाला, तर त्याच खड्ड्याकडे कोणी ओढून नेले तरी तो अंग चोरेल. बुद्ध पुढे विचारतो, की तो विस्तव आताच तापदायक झाला का, की आधीही होता? उत्तर उघड आहे. विस्तव तोच आहे, रोगाने त्या माणसाची जाणीव उलटी केली होती. सकाळी सातच्या त्या ग्लासाचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. ‘यांना मजा सोडवत नाही’ असे म्हणणारा माणूस मुळातच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवत असतो, कारण मजा संपून वर्षे झालेली असतात आणि उरलेली असते ती फक्त त्रास थांबवण्याची धडपड.

आधुनिक विज्ञानही फार वेगळे सांगत नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी मेंदूच्या अभ्यासातून असे दाखवले, की एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर आवडणे या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि व्यसनात पहिली बळावत जाते, दुसरी मात्र तशी वाढत नाही. बौद्ध परंपरेतल्या कार्यकारणाच्या साखळीत स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणे, असा क्रम आहे. वेदना म्हणजे इथे फक्त दुखणे नव्हे; बरे, वाईट किंवा धड दोन्ही नाही असे जे काही जाणवते ते सगळे. ती येणे आपल्या हातात नाही. ती आल्यावर तिच्यामागे धावायचे की ती येऊन जाताना पाहत राहायचे, एवढ्याच सांध्यावर माणसाला काही करता येते, आणि विपश्यनेचा सगळा सराव त्या सांध्यावर उभा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी पुन्हा व्यसनाकडे वळणे टाळण्यासाठी जी पद्धत बसवली, तिच्यातही तलफेची लाट उठते आणि उतरते हे न झगडता पाहायला शिकवले जाते. पण हा सराव सकाळी सातला थरथरणाऱ्या माणसाला सांगण्याची गोष्ट नव्हे, आणि ध्यानाचे कौतुक करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वारंवार सांगावे लागते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टर लागतो. विनयातही आजारी भिक्खूच्या औषधी तेलात मद्य घालायला, त्याचा रंग, वास आणि चव उतरणार नाही इतक्याच प्रमाणात, परवानगी दिलेली आहे. नियम करणाऱ्याला शरीराची जाण होती. पारावर शपथ देऊन माणसाला थेट घरी पाठवणाऱ्याला ती असतेच असे नाही.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात तृष्णेचे तीन प्रकार सांगितले आहेत: कामतृष्णा, भवतृष्णा आणि विभवतृष्णा. पहिली इंद्रियसुखाची, दुसरी काहीतरी होण्याची, असण्याची, आणि तिसरी नसण्याची. आपला सगळा व्यसनमुक्तीचा प्रचार पहिल्या प्रकाराला धरून चालतो. चव वाईट, परिणाम वाईट, यकृताचे चित्र पाहा, फुप्फुसाचे चित्र पाहा. खान्देशात मला जे व्यसन दिसते, त्याचा मोठा भाग उरलेल्या दोहोंतला आहे.

भवतृष्णेचे रूप भुसावळला, अमळनेरला, शिरपूरला, कुठल्याही चौकात वर पाहिले की दिसते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ओळीने चेहरे असतात, त्यातल्या बहुतेकांना कामधंदा नसतो. पोलीस भरतीची तयारी करता करता वयाची मर्यादा उलटून गेलेला, तिशी गाठूनही लग्न न जमलेला, बापाच्या चार एकरांत ज्याचे मन नाही आणि शहरात ज्याला जागा नाही असा मुलगा रात्री मोबाइलवर रमी खेळतो, तेव्हा त्याला नुसता पैसा हवा असतो असे मला वाटत नाही. एका डावात आपण कोणीतरी होऊ, ही ती ओढ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो आवश्यकच होता. पण खेळ गेला तरी कोणीतरी होण्याची भूक तिथेच राहते आणि ती रीलच्या लाइकवर, मिरवणुकीतल्या डीजेपुढे किंवा कुठल्या तरी नेत्याच्या गाडीमागे धावण्यात आपले खाद्य शोधते. एक व्यसन सोडून दुसरे धरलेल्या माणसाचे आपण सत्कार करतो, ते अनेकदा या देवाणघेवाणीकडे लक्ष न गेल्यामुळे.

विभवतृष्णा याहून अवघड आहे आणि तिच्याबद्दल आपण जवळपास बोलतच नाही. गुलाबी बोंडअळीने कापूस नेलेल्या सालात, किंवा भाव पडल्यामुळे माल घरातच भरून ठेवलेल्या सालात, जो शेतकरी संध्याकाळी पितो त्याला त्या रात्री काही व्हायचे नसते. त्याला काही तास नसायचे असते. सोसायटीचे कर्ज, खत-बियाण्याच्या दुकानदाराची उधारी, मुलीचे जमत आलेले लग्न, या सगळ्यांतून रात्रीपुरते पुसले जायचे असते. दारू हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे आणि शेतातले कीटकनाशक हे त्याच ओढीचे शेवटचे टोक आहे. या माणसाला ‘दारूने आयुष्य कमी होते’ हे सांगण्यात काय अर्थ आहे? नसण्याची इच्छा झालेल्या माणसाला आयुष्य वाढण्याचे आमिष दाखवून चालत नाही. त्याच्या असण्यातला जाच कमी व्हावा लागतो, आणि तो जाच कमी करणे एकट्याच्या हातात नसते. बुद्धाने नसण्याच्या ओढीलाही तृष्णाच म्हटले, हा मला त्या प्रवचनातला फार खोल भाग वाटतो, कारण बाहेरून वैराग्यासारखी दिसणारी गोष्ट त्यामुळे उघडी पडते. सगळे सोडून दिले, आता कशात मन नाही, असे म्हणणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी ते संतत्व समजू नये.

आतल्या रितेपणाचा विचार करताना मला आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते. त्या दिवशी खान्देशात मातीची घागर पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजली जाते, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात, आणि सासुरवाशिणी माहेरी झोक्यावर असतात. त्याच दिवशी, आणि त्याच्या आगेमागे, झाडाखाली, मळ्यात, गल्लीच्या टोकाला पत्त्यांचे डाव बसतात. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, साल सरून नवे ठरण्याचा हा काळ, हातात वर्षाचा हिशोब आलेला, आणि वर्षातून एकदा खेळले तर काय बिघडले, अशी सर्वांची संमती. तहानलेल्या पितरांसाठी एकीकडे पाणी आणि दुसरीकडे कितीही जिंकले तरी उठू न देणारा डाव, हे एका अंगणात नांदते.

बौद्ध परंपरेतही असे तहानलेले मृत आहेत. तिरोकुड्ड सुत्तात ते भिंतीबाहेर, चौकात, दाराच्या चौकटीशी उभे राहून आपल्या नातलगांच्या दानाची वाट पाहतात, आणि नंतरच्या ग्रंथांत त्यांचे तोंड सुईच्या छिद्राएवढे आणि पोट डोंगराएवढे वर्णिले आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे, चित्र आहे, आज बरेच नष्ट झालेले. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असूनही आपल्यापैकी थोडेच जण त्याच्यापुढे थांबतात. विहाराच्या दाराशी हे चक्र रंगवावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पाहता येईल, असे एका विनयपरंपरेत सांगितले आहे. तिबेटी परंपरेने जपलेल्या चक्रांमध्ये तृष्णेच्या जागी पेय घेणारा माणूस काढतात आणि त्याला ते देणारी व्यक्तीही बहुधा शेजारीच असते. चित्रकारांनाही एकटा पिणारा काढून भागले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

रितेपण भरून काढले पाहिजे याबाबत जाहिरातवाला आणि प्रवचनकार यांचे एकमत असते; वाद फक्त कशाने भरायचे एवढाच. बौद्ध दृष्टी इथे वेगळी वाट धरते. आत एक कायमचा ‘मी’ बसला आहे आणि त्याला काहीतरी कमी आहे, हे गृहीतच ती तपासायला लावते. सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पडला तरी कामनांची तृप्ती होत नाही, हे धम्मपदातले वचन जळगावच्या सराफ बाजारातही लागू आहे आणि देशीच्या दुकानातही. सराफ बाजारातल्या तृष्णेला आपण गुंतवणूक म्हणतो इतकेच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. दुःखाचे कारण तृष्णा आहे असे म्हटले, की गरिबाच्या दुःखाला त्याचीच हाव जबाबदार आहे असे सांगायला वाट मोकळी होते. सालदाराला ‘इच्छा कमी कर’ म्हणणारा जमीनमालक याच वाटेने जाईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्ये (दुःख, त्याचे कारण तृष्णा, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग) मूळ उपदेशाचा भाग आहेत की नंतरची भर आहे, असा प्रश्न उघडपणे विचारला, कारण ती माणसाला आशाच नाकारतात असे त्यांना दिसले. १९३७ साली ते धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे जमणाऱ्या हजारोंना हे सांगायची गरज नाही, की त्यांनी धम्म घेतला तो निमूटपणे सोसण्यासाठी नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती माणसाला बदनाम करणाऱ्या व्यवस्थेबाहेर पडण्याच्या इतर प्रतिज्ञांच्या रांगेत आहे. एकटी उचलून ती सदाचाराच्या पाटीवर लिहिली की तिचा अर्थ अर्धा होतो.

पाली ग्रंथांतही या आक्षेपाला उत्तर आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा रक्षण करतो पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि मग खोटेपणा. साखळीची पहिली कडी राजाच्या हातातली आहे. कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सुचवतो, की लुटारूंना मारून बंदोबस्त होणार नाही. शेतकऱ्यांना बियाणे द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, नोकरांना वेतन द्या. हे वाचल्यावर तृष्णा ही फक्त पिणाऱ्याच्या आत शोधण्याची वस्तू राहत नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित असल्याचे सांगितले गेले. शुल्क वाढल्याने पिणे थोडे महागले हे खरे. पण ज्या तिजोरीला बाटलीची इतकी सवय लागली आहे, तिलाही सुटका अवघड जाणार आणि तिच्यासाठी कोणी शपथ ठेवत नाही.

बंदीबद्दल थोडक्यात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर पानमसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते. गिऱ्हाईक दोन्ही मिसळून बार भरते. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, म्हणजे एकाच फलाटावर चार पावले चालले की दारूचा कायदा बदलतो, आणि त्या सीमेवरून काय ये-जा करते हे नंदुरबार जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी सरकारने २०२१ मध्ये उठवली. बंदी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. हाताजवळची वस्तू लांब गेली तर काही जण वाचतात, विशेषतः ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही ते. बंदीने जो प्रश्न सुटत नाही, तो आधीच अडकलेल्यांचा आहे.

अडकलेले लोक सुटले कसे, याचा इतिहास मात्र आपल्याच मातीत आहे. १९२२ च्या सुमाराला दक्षिण गुजरातच्या आणि लगतच्या आदिवासी भागांत देवीची चळवळ पसरली आणि गावेच्या गावे दारू सोडून बसली. अबकारीच्या मक्त्यांतून आणि कर्जातून जमिनी बळकावणाऱ्या दारूविक्रेत्यांविरुद्ध तो एकत्र नकार होता. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज १९३८ मध्ये ‘आप की जय’ म्हणत आदिवासींना आरतीला जमवू लागले, तेव्हा हजारो लोक सातपुड्याच्या पायथ्याशी येत आणि दारू टाकून परत जात. ‘आप’ या संबोधनात भिल्लाला भिल्लाने मान द्यावा हा आग्रह होता. शहाद्यात १९७२-७३ च्या काळात श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल बायकांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. त्या बायकांना त्याच काळात मजुरीसाठी आणि बळकावलेल्या जमिनींसाठीही लढायचे होते आणि त्या लढाईत नवरा शुद्धीवर हवा होता.

या तीन चळवळींत पंथ, भाषा, नेतृत्व सगळे वेगळे आहे आणि त्यांपैकी एकही बौद्ध नाही. पण प्रत्येकीत दारू सोडणारा माणूस एकटा सोडत नव्हता, आणि सोडून तो नुसता रिकामा राहत नव्हता. त्याला मान मिळत होता, संध्याकाळी जायला जागा मिळत होती, आणि त्याच्या दुःखाच्या खऱ्या कारणाशी कोणीतरी त्याच्याबरोबर भिडत होते. बुद्धाचा शिष्य आनंद एकदा त्याला म्हणाला, की कल्याणमित्रांची, म्हणजे चांगल्या वाटेवरच्या सोबत्यांची, संगत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे धम्मजीवन. बुद्ध म्हणाला, असे म्हणू नकोस आनंदा, ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. मोहाच्या दारूविषयी मात्र शहरी माणसाने जपून बोलावे असे मला वाटते. देवाला धार दिल्याशिवाय जिथे पूजा होत नाही, तिथली सणाची घरगुती मोहाची आणि अड्ड्यावर फुग्यात मिळणारी, काय मिसळले ते कोणाला ठाऊक नाही अशी गावठी यांत फरक आहे, आणि कुठे थांबायचे ते गुलाम महाराजांसारखा घरचा माणूस सांगतो तेव्हाच ऐकले जाते.

आमच्या विहारांबद्दलही बोलले पाहिजे. खान्देशातल्या वस्त्यांमध्ये विहारात त्रिसरण-पंचशील होते आणि पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. जो पितो त्याला ते म्हणताना लाज वाटते, म्हणून तो येत नाही; तो येत नाही म्हणून कोणी त्याला विचारत नाही; आणि चुकून प्यायलेल्या अवस्थेत आलाच तर त्याला दारातून परत पाठवतात. शील दर वेळी नव्याने घेतले जाते, ते कारणाशिवाय नाही. मोडले तर पुन्हा घ्यायचे असते, कारण ते शिकण्याचे पद आहे, निकाल नव्हे. कौशांबीत सागताला उचलून आत आणले होते. आपल्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी, की ज्याने आज घेतली आहे तोही मागच्या सतरंजीवर बसू शकेल, असे मी दोन-तीन ठिकाणी सुचवले तेव्हा, वातावरण बिघडेल, असे उत्तर मिळाले. वातावरण कशाने बिघडते याचा विचार व्हायला हवा. बायका आणि मुले विहारात असतात, त्यांना दारू प्यायलेल्याचा त्रास घरी रोज होतो, त्यांना तिथे तरी सुरक्षित वाटले पाहिजे, हा मुद्दा खरा आहे आणि म्हणून वेळ वेगळी ठेवावी लागेल. पण दार बंद ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

सरकारकडून अपेक्षा करायची तर ती फार मोठी नाही. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दारू तोडण्याच्या पहिल्या आठवड्यासाठी दोन खाटा, आवश्यक औषधे आणि ती देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा. आज अनेकदा बाईला नवऱ्याला घेऊन जिल्ह्याच्या गावी जावे लागते आणि खासगी केंद्राची फी भरायला मंगळसूत्र गहाण टाकावे लागते. घरी परतल्यावर वर्षभर त्याच्याकडे जाणारा एक माणूस असावा, शक्यतो स्वतः त्यातून बाहेर पडलेला आणि मानधन घेणारा. मद्यशुल्काचा ठरावीक वाटा कायद्याने यासाठीच राखून ठेवावा. वेचणीच्या आणि केळी कापणीच्या मजुरीचे पैसे आठवडे बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर, मुकादमाच्या हातून न मिळता बायकोच्याही खात्यात अर्धे जावेत, आणि हा ठराव १ मेच्या ग्रामसभेत मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्याच सभेत मागच्या निवडणुकीत गावात दारूची किती खोकी उतरली आणि ती कोणी उतरवली, हा प्रश्नही विचारता येईल. उत्तर देणारे बहुतेक सगळे तिथेच बसलेले असतील.